बाईकची क्लच प्लेट घरी बदलायचीय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं लिहिलंय ते १०० ते १५० सीसीच्या रोजच्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून, म्हणजे स्प्लेंडर, पॅशन, शाईन, युनिकॉर्न, पल्सर वगैरे, ज्यात क्लच उजव्या बाजूच्या कव्हरमागे इंजिन ऑइलमध्येच भिजत असतो. बुलेट, आरएक्स आणि स्कूटरचं खाली थोडक्यात वेगळं दिलंय. गाडी खोलायच्या आधी निदान पहिले चार प्रश्न तरी वाचा, बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं आणि प्लेटांचे पैसे वाचतात.

क्लच प्लेट गेलीय हे नक्की कसं ओळखायचं?

मोकळा सपाट रस्ता बघा, गाडी टॉप गिअरला टाका, ४० च्या आसपास स्पीड धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनचा आवाज चढत गेला आणि स्पीडचा काटा जागचा हलत नसेल तर क्लच स्लिप होतोय. सुरुवातीला हे फक्त टॉप गिअरला आणि लोड असतानाच जाणवतं, एकट्याने गावात फिरताना काहीच कळत नाही, आणि मग मागे माणूस आणि पुढे बॅग घेऊन खंबाटकी किंवा कसारा चढायला लागलं की आवाज पुण्याला पोचतो आणि गाडी अजून साताऱ्यातच. त्यानंतर जळका वास यायला लागतो. वास येईपर्यंत थांबू नका, कारण तोवर फ्रिक्शन प्लेटांसोबत (पॅड चिकटवलेल्या, झिजणाऱ्या) मधल्या स्टीलच्या प्लेटाही तापून निळ्या पडलेल्या असतात आणि खर्च वाढलेला असतो.

गाडीला पिकअपच नाही, म्हणजे क्लचच ना?

नाही. साधा फरक लक्षात ठेवा. आवाज चढतो पण गाडी पळत नाही, हा क्लच. आवाजच चढत नाही, इंजिन दबल्यासारखं चालतं, हा क्लच नाही, तो एअर फिल्टर, कार्बोरेटर, प्लग, कॉम्प्रेशन यातला काहीतरी विषय. डबल स्टँडला लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवून बघा, पुढचं पण उचलून फिरवा. ब्रेक चिकटलेला असेल किंवा चेन ताणून बसवलेली असेल तर गाडी ओढत नाही आणि बिचाऱ्या क्लचवर नाव येतं.

क्लच वायर अ‍ॅडजस्ट करून बघितली, तरी फरक नाही. नक्की किती ढिली ठेवायची?

लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी हालचाल पाहिजे, म्हणजे एवढी दाबेपर्यंत काही जोर लागता कामा नये. ही मोकळीक शून्य असेल तर वायर लिव्हर न दाबताच क्लच थोडासा उचलून धरते, स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटांवर येत नाही आणि चांगल्या प्लेटासुद्धा स्लिप होतात. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पण बघा, एखाद्या बाजूला मोकळीक गायब होत असेल तर वायरचा रूट चुकलाय, टाकी आणि हँडलच्या मध्ये कुठेतरी ती ओढली जातेय.

आता यात एक गंमत आहे जी पटकन लक्षात येत नाही. वायर जुनी होऊन ताणली गेली की लिव्हर ढिली होते. पण प्लेटा झिजल्या की उलटं होतं, प्लेटांची चळत पातळ झाल्यामुळे प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोराने चळत दाबून धरणारी चकती) सरकते आणि लिव्हरची मोकळीक कमी होते. म्हणजे तुम्ही वायरला हात न लावता लिव्हर आपोआप टाईट होत चालली असेल, दर काही आठवड्यांनी अ‍ॅडजस्टर आत घालून ढील द्यावी लागत असेल, आणि लिव्हर जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी उचलत असेल, तर ती प्लेटा झिजल्याची पक्की खूण. याउलट लिव्हर ढिली आहे, गिअर खट्खट् पडतोय, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, तर आधी वायर बघा, प्लेटा नाही.

अ‍ॅडजस्टमेंट करताना मोठा फरक इंजिनकडच्या नटवर काढा आणि बारीक हँडलकडच्या अ‍ॅडजस्टरवर. हँडलवरचा अ‍ॅडजस्टर अगदी टोकापर्यंत बाहेर काढून ठेवलेल्या गाड्या बघतो तेव्हा कीव येते, दोन आट्यांवर लटकलेला असतो तो.

ऑइल बदलल्यापासून क्लच स्लिप होतोय. ऑइलचा काय संबंध?

पूर्ण संबंध. प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे, हे ओल्या क्लचच्या मोटरसायकलसाठीचं रेटिंग आहे. जासो एमबी हे गिअरलेस स्कूटरचं, त्यात घर्षण मुद्दाम कमी ठेवलेलं असतं कारण स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतोच. घरात एक स्कूटर आणि एक बाईक असली की स्कूटरचा उरलेला अर्धा डबा बाईकमध्ये ओतला जातो, आणि पुढच्या आठवड्यात क्लच गेला म्हणून ओरड. कारसाठीच्या पातळ, मायलेज वाढवणाऱ्या ऑइलचं पण तेच, त्यातले फ्रिक्शन कमी करणारे केमिकल प्लेटांना मानवत नाहीत.

असं झालं असेल तर ऑइल काढून टाका, योग्य ग्रेडचं भरा, शंभरेक किलोमीटर चालवा, वाटल्यास परत एकदा बदला. प्लेटा जळल्या नसतील तर बऱ्याचदा स्लिपिंग थांबतं. ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघा, हिरो आणि होंडाच्या छोट्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागतं तर जुन्या पल्सरला २०डब्ल्यू-५०, त्यामुळे शेजाऱ्याने काय टाकलं हे विचारून उपयोग नाही. आणि ऑइल ट्रीटमेंटच्या नावाखाली मिळणाऱ्या बाटल्या तर अजिबात ओतू नका.

घरी खरंच जमेल का? मी आजवर फक्त ऑइल आणि चेन केलीय.

जमेल. यात ताकद कमी आणि स्वच्छता, क्रम आणि धीर जास्त लागतो. इंजिन खाली उतरवायचं नाही, फाडायचं नाही, फक्त एका बाजूचं कव्हर काढायचं. पहिल्यांदा करताना अर्धा दिवस धरून चाला. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, आणि रविवारी संध्याकाळी खोलायला बसू नका, पॅकिंग फाटलं किंवा एखादा बोल्ट तुटला तर स्पेअरचं दुकान बंद आणि सकाळी कामाला जायला गाडी नाही. शनिवारी सकाळी चालू करा. बाहेर धुळीत, वारा सुटलेल्या ठिकाणी इंजिन उघडं ठेवू नका, सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर खाली जुनी चादर अंथरा, स्प्रिंग आणि वॉशर उड्या मारतात ते त्यात सापडतात.

हत्यारं कोणती लागतील?

८, १०, १२, १४ नंबरची गोटी आणि रिंग पाने, टी पाना, नोज प्लायर, प्लास्टिकची हातोडी, ऑइल काढायला टब, रॉकेल किंवा डिझेल, आणि न सुटे होणारे धागे असलेलं स्वच्छ फडकं. मोजायला व्हर्नियर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) असेल तर उत्तम, नसतील तर मित्राकडून आणा पण मोजल्याशिवाय अंदाजाने ठरवू नका. टॉर्क रेंच असेल तर छानच. आणि मधल्या नटची खास गोटी, तिच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

सामान काय आणायचं? नुसत्या प्लेटा की पूर्ण सेट?

फ्रिक्शन प्लेटांचा पूर्ण संच, स्प्रिंगा, उजव्या कव्हरचं पॅकिंग, ऑइल, ड्रेन बोल्टचा वॉशर. एवढं कमीत कमी. स्प्रिंगा स्वस्त असतात, त्या जुन्या ठेवून काय वाचवणार? त्या वर्षानुवर्षं तापून आखूड होतात आणि मग नव्या प्लेटांवर पण दाब कमी पडतो. स्टीलच्या प्लेटा मोजून ठरवा. कव्हर उघडणारच आहात तर किकच्या शाफ्टचं ऑइल सील पण घेऊन ठेवा, कव्हर बाहेर असताना ते दोन मिनिटांचं काम आहे.

पुण्यात नाना पेठेत, आणि आता तर कुठल्याही तालुक्याच्या गावात, एकाच गाडीच्या प्लेटा तीन-चार भावांत मिळतात. माझं मत विचाराल तर गाडीच्या कंपनीच्या किंवा नावाजलेल्या ब्रँडच्याच घ्या. पाकिटावरचा पार्ट नंबर गाडीच्या मॉडेल आणि वर्षाशी जुळवा, कारण एकाच नावाच्या गाडीचं इंजिन मधल्या काळात बदललेलं असतं आणि दुकानदार पल्सर म्हटलं की पल्सरचं काढून देतो. जमलं तर जुना सेट बाहेर काढून दुकानात घेऊन जा आणि काउंटरवर एकावर एक ठेवून बघा. दात मोजा, व्यास बघा.

ऑइल काढावंच लागतं का?

साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, क्लच उजवीकडे वर राहतो, त्यामुळे काही जण ऑइल न काढताच कव्हर उघडतात आणि ते जमतं सुद्धा. पण क्लच जळला असेल तर त्याची भुकटी ऑइलमध्ये उतरलेली असते, ते ऑइल परत वापरण्यात काय अर्थ आहे? गाडी दोन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, ड्रेन बोल्ट काढा आणि निथळू द्या. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कव्हरला हात लावा.

कव्हर उघडताना काय सांभाळायचं?

उजवीकडचा फुटरेस्ट, किकचा दांडा, क्लच वायर, आणि गाडीप्रमाणे ब्रेक पॅडल किंवा सायलेन्सर एवढं बाजूला करावं लागतं. किक काढायच्या आधी ती शाफ्टवर कुठल्या कोनात आहे तिथे खूण करा.

कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात, हे पक्कं डोक्यात ठेवा. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो खाली टेकतो, तुम्हाला वाटतं टाईट झाला आणि कव्हर मात्र ढिलंच, आणि आखूड बोल्ट लांब जागी गेला की दोनच आटे धरतो आणि ते घेऊनच बाहेर येतो. बोल्ट सोडवताना एकाच बाजूचे पटापट काढू नका, सगळे अर्धा-अर्धा फेरा ढिले करत या.

सगळे निघाले तरी कव्हर चिकटून बसतं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका! अ‍ॅल्युमिनियमच्या त्या तोंडावर एक चरा पडला की तिथून ऑइल गळणार, कितीही सोल्युशन (गळती बंद करायची पेस्ट) लावा. प्लास्टिकच्या हातोडीने कडेकडेने ठोकत राहा, सुटतं. सुटताना कव्हर सरळ बाहेर ओढा, किकचा शाफ्ट आतच राहिला पाहिजे, तो कव्हरबरोबर ओढला गेला तर त्याची स्प्रिंग सुटते आणि मग तो एक वेगळा उद्योग होतो. कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिना असतात, त्या इंजिनला राहिल्यात की कव्हरला गेल्यात ते लगेच बघा. आणि कव्हर उघडल्या उघडल्या, काहीही हलवायच्या आधी, मोबाईलवर चार बाजूंनी फोटो.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांत तिथेच क्रँकवर गोल झाकणाचा सेंट्रीफ्यूगल फिल्टर दिसेल आणि खाली जाळी. झाकण उघडून बघा, आत काळा चिकट गाळ थापलेला असतो. कव्हर उघडलंच आहे तर तो पुसून, जाळी रॉकेलने धुऊन घ्या. नव्या प्लेटांना पहिल्या दिवसापासून तो गाळ कशाला पाजायचा.

स्प्रिंगचे बोल्ट काढले, तरी प्लेटा निघत नाहीत. मधला नट कसा काढू?

इथे गाड्यांचे दोन प्रकार पडतात. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत प्रेशर प्लेट बाहेरच्या बाजूला असते, स्प्रिंगचे बोल्ट काढले की ती निघते आणि मागोमाग प्लेटा हातात येतात, मधल्या नटला हात लावायची गरज नाही. हिरो-होंडा घराण्यात रचना उलटी, बाहेर स्प्रिंग आणि लिफ्टर प्लेट (क्लच दाबला की हलणारी), मध्ये हब (प्लेटा ज्यावर बसतात तो गाभा), आणि प्रेशर प्लेट सगळ्यात आत. तिथे मधला नट किंवा सर्कलिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी कडी) काढल्याशिवाय चळत बाहेर येत नाही.

तो नट साध्या षटकोनी पान्याचा नसतो, त्याला चार खाचा असतात आणि खास खाचेची गोटी लागते. स्पेअरच्या दुकानात मॉडेल सांगितलं की मिळते, महाग नसते. बरेच मिस्त्री छिन्नी लावून हातोडीने फिरवतात, फिरतो पण, पण खाचा फुटतात, त्याचा चुरा बेअरिंगमध्ये जातो आणि पुढच्या वेळी तो नट कोणाच्याच हाताला लागत नाही. गोटी घ्या. नटच्या मागच्या वॉशरची जीभ वाकवलेली असेल किंवा नटची कड शाफ्टवर ठोकलेली असेल तर ती आधी सरळ करा.

नट फिरवताना हब पण फिरतो, त्याला अडवायचा कसा? गाडी टॉप गिअरला टाका आणि दुसऱ्या माणसाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असल्यामुळे तो जागीच धरला जातो. ब्रेक पॅडल काढून ठेवलं असेल तर मागच्या चाकाखाली लाकूड घालून चाक धरून ठेवावं लागतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे जुन्या स्टील प्लेटला वेल्डिंगवाल्याकडून हातभर पट्टी जोडून घ्या, झाला क्लच होल्डर, पुढची कित्येक वर्षं पुरतो. दोन गिअरच्या दातांमध्ये नाणं अडकवायची पद्धत पण चालते गॅरेजमध्ये, मी ती करा म्हणणार नाही, दात टवकला तर हजारोंचं काम.

प्लेटा बाहेर आल्या. झिजल्यात हे कसं ठरवायचं?

नुसतं बघून कळत नाही, जुनी प्लेट एकटी हातात घेतली की चांगलीच वाटते. व्हर्नियरने तीन-चार जागी जाडी मोजा. छोट्या गाड्यांत नवी प्लेट साधारण ३ मिमीच्या आसपास असते आणि काही दशांश मिलिमीटर गेले की तिची मर्यादा संपते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. नवी प्लेट शेजारी ठेवून मोजली की फरक लगेच कळतो. एका प्लेटेत एवढासा फरक वाटतो, पण चार-पाच प्लेटांचा मिळून मिलिमीटरच्या वर जातो आणि तेवढ्याच स्प्रिंगा सैल पडतात. जाडी ठीक असली तरी पॅड काळे, कडक, काचेसारखे चकचकीत झाले असतील किंवा जळका वास मारत असतील तर बाद.

स्टीलच्या प्लेटा टीपॉयच्या काचेवर ठेवा आणि खालून फिलर गेज सरकवा. बहुतेक मॅन्युअलमध्ये वाकडेपणाची मर्यादा ०.१ ते ०.२ मिमी असते, त्यापेक्षा जाड पत्ती आत जात असेल तर प्लेट वाकलीय. निळ्या-जांभळ्या पडलेल्या असतील तर बदलाच. वाकडी स्टील प्लेट ठेवून नव्या फ्रिक्शन प्लेटा टाकल्या की गाडी पहिला गिअर टाकल्यावर क्लच दाबून पण पुढे सरकत राहते.

जुन्या प्लेटा पॉलिश पेपरने घासून चालतील का?

फ्रिक्शन प्लेटा नाही. घासून जाडी परत येत नाही, उलट अजून पातळ होतात. स्टीलच्या प्लेटा सरळ असतील आणि नुसत्या चकाकत असतील तर त्या बारीक पेपरने हलक्या हाताने गोल-गोल घासून, धुऊन, परत वापरायला हरकत नाही.

हाऊसिंगला खाचा पडल्यात. काही बिघडतं का?

हाऊसिंग म्हणजे सगळ्या प्लेटा ज्यात बसतात तो बाहेरचा डबा, त्याच्या बोटांच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. प्लेटांचे कान जिथे आपटतात तिथे ओळीने पायऱ्या पडलेल्या असतील तर नख अडकतं. क्लच दाबला की प्लेटांनी त्या कडेवरून घसरून वेगळं व्हायचं असतं, खाचेत कान अडकला की त्या वेगळ्या होत नाहीत, मग गिअर जड पडतो, न्यूट्रल सापडत नाही, गाडी उचलताना झटके देते. नुसते ओरखडे असतील तर बारीक कानशीने कड सपाट करा, पण सगळ्या बोटांची सारखीच, आणि भुकटी हाऊसिंगमध्ये किंवा इंजिनात पडू देऊ नका. नखाचं टोक आत बसेल एवढी खाच असेल तर कानस मारून उपयोग नाही, हाऊसिंग बदला. हा सगळ्यात महाग पार्ट, म्हणूनच लोक याच्याकडे बघत नाहीत आणि मग नवीन प्लेटा टाकून पण काही फरक नाही म्हणतात.

नव्या प्लेटा बसवायचा क्रम काय?

आधी त्या गाडीत टाकणार त्याच ऑइलमध्ये भिजत घाला, रात्रभर ठेवल्यात तर उत्तम, नाहीतर निदान काही तास. कोरड्या बसवल्या की पहिल्या काही मिनिटांतच तापतात.

क्रम म्हणजे फ्रिक्शन, स्टील, फ्रिक्शन, स्टील, आणि दोन्ही टोकांना फ्रिक्शन. यात अपवाद लपलेले असतात म्हणून तर फोटो काढायला सांगितलं. काही गाड्यांत एक फ्रिक्शन प्लेट बाकीच्यांपेक्षा अरुंद असते आणि तिच्या आत एक पातळ वाकलेली रिंग बसते, तिची दिशा असते. काही गाड्यांत सगळ्यात बाहेरच्या प्लेटचे कान हाऊसिंगच्या दुसऱ्याच, कमी खोल खाचेत बसतात. स्टीलच्या प्लेटेची एक कड धारदार आणि दुसरी गोलसर असते, सगळ्या एकाच दिशेने ठेवा. हिरो-होंडा पद्धतीत हब आणि प्रेशर प्लेट यांचे दात एकमेकांत पूर्ण बसलेत का ते दाबून बघा, एका दाताने जरी चुकलं तरी वरून सगळं ठीक दिसतं आणि क्लच सुटतच नाही. नट कसताना वॉशरवर बाहेरची बाजू लिहिलेली असेल तर ती बाहेरच ठेवा.

स्प्रिंगचे बोल्ट किती कसायचे?

हे बारीक ६ मिमीचे बोल्ट असतात आणि आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये, १० ते १२ न्यूटन मीटर म्हणजे पुष्कळ झालं. छोटा टी पाना, दोन बोटांचा जोर. समोरासमोरचे, थोडे-थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. एकच बोल्ट पूर्ण कसला तर लिफ्टर प्लेट तिरकी होते आणि बोल्ट ज्यात बसतो तो खांब तुटतो, आणि आटे गेले तर पूर्ण प्रेशर प्लेट किंवा हब विकत आणावा लागतो.

स्प्रिंगखाली वॉशर टाकून क्लच टाईट करतात, ते बरोबर आहे का?

गॅरेजमधला जुना जुगाड आहे. स्प्रिंगचा दाब वाढतो, स्लिपिंग थांबतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण प्लेटा झिजलेल्याच असतात, लिव्हर जड होते, वायर लवकर तुटते, आणि वॉशर जाड असेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकून क्लच पूर्ण सुटत नाही. लांबच्या प्रवासात अडकलात आणि घरी पोचायचंय तर करा. एरवी नाही.

पॅकिंग जुनं चालेल? सोल्युशन किती लावायचं?

नवीन टाका. जुनं पॅकिंग भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीने किंवा ब्लेड आडवं धरून खरवडा, तुकडे इंजिनात पडू नयेत म्हणून आतल्या बाजूला फडकं कोंबा आणि ते फडकं मोजून बाहेर काढा. दोन्ही तोंडं पेट्रोलने पुसून कोरडी करा. चांगल्या कागदी पॅकिंगला सोल्युशन लागत नाही. अनाबॉन्ड सोल्युशनची नळी पिळून पिळून लावलेली कव्हरं बघितलीत ना? जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आत पण आलेलं असतं, ते वाळून तुटतं आणि ऑइलच्या जाळीत किंवा बारीक भोकात जाऊन बसतं. डॉवेल पिना जागेवर, कव्हर हाताने पूर्ण बसलं पाहिजे, बोल्टने ओढून बसवायचं नाही. बसत नसेल तर किकचा शाफ्ट किंवा क्लचचा लिफ्टर आड येतोय, परत काढा आणि बघा.

सगळं लावून झालं. आता लगेच फिरवून आणू?

ऑइल भरलंय ना, ते आधी बघा. हसू नका. मग वायर जोडून मोकळीक परत शून्यापासून सेट करा, जुन्या प्लेटांची सेटिंग नव्यांना चालत नाही. डबल स्टँडवर चालू करा, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, कव्हरच्या कडेला फडकं फिरवून गळती बघा. क्लच दाबून पहिला गिअर टाका. मागचं चाक ऑइलच्या ओढीने हळू फिरेल, ते चालतं, पण ब्रेक लावल्यावर चाक थांबलं पाहिजे आणि इंजिन चालूच राहिलं पाहिजे. टायरवर किंवा मागच्या ब्रेकवर ऑइल सांडलं नाही ना, तेही पुसून मगच रस्त्यावर या.

पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर झटके देऊ नका, हाफ क्लचवर चढ चढू नका, प्लेटा बसायला वेळ लागतो. त्या काळात लिव्हरची मोकळीक थोडी बदलेल, एकदा परत बघा.

नवीन क्लच टाकला तरी स्लिप होतोय. आता?

मोकळीक, ऑइलचं रेटिंग, स्प्रिंगा बदलल्यात का, या क्रमाने बघा. इंजिनकडची क्लचची दांडी सोडल्यावर स्वतःहून पूर्ण परत येते का? कव्हरमधला तिचा शाफ्ट गंजला असेल तर ती अर्ध्यात अडकते. हे सगळं ठीक असेल तर प्लेटा दुसऱ्याच मॉडेलच्या आल्यात किंवा एखादी कमी बसलीय, परत खोलावं लागेल.

बुलेट, आरएक्स १००, ड्यूक, स्कूटर यांचं काय?

२०२३ मध्ये नवं इंजिन येण्याआधीच्या बुलेटचा क्लच डावीकडे, प्रायमरी चेनच्या (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) कव्हरमागे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं ते कव्हर मधल्या एकाच नटवर असतं आणि आतलं ऑइल इंजिनपेक्षा वेगळं, खोलायला या गाड्यांत तीच सगळ्यात सोपी. आरएक्स टू-स्ट्रोक, तिच्या क्लचला गिअर ऑइल लागतं, टूटी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, त्याचा क्लचशी संबंध नाही. ड्यूक ३९० आणि नव्या आर१५ मध्ये स्लिपर क्लच आहे, उताराच्या कडा असलेले भाग एकमेकांत बसतात, मॅन्युअल समोर ठेवल्याशिवाय उघडू नका. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, बेल्टच्या टोकाला, त्याचं यातलं काहीच लागू नाही.

जुनं ऑइल कुठे टाकायचं?

गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी तर नाहीच. जुन्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुनं ऑइल गोळा करणारे येतात. फक्त त्यात रॉकेल मिसळू नका.

रस्त्यात पूर्णच स्लिप व्हायला लागला तर घरी कसं पोचायचं?

थांबा, इंजिन थंड होऊ द्या. वायरचा अ‍ॅडजस्टर आत घालून लिव्हर भरपूर ढिली करा, म्हणजे निदान स्प्रिंगचा जेवढा दाब शिल्लक आहे तेवढा पूर्ण मिळेल. मागच्याला एसटीने पाठवा. कमी अ‍ॅक्सिलरेटर, खालचा गिअर, आवाज चढायला लागला की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडा, पिळत राहिलात तर राहिलेलं पण जळेल. चढ असेल आणि तरीही नाही ओढली तर पुढे ढकलू नका, टेम्पोत टाका, टेम्पोचं भाडं हाऊसिंगपेक्षा स्वस्त पडतं.